कोंडवाड्याचा सौदा

कर्नाटकातल्या बसवकल्याणच्या कोंडवाडा गल्लीत दोन माणसं भांडायला लागली की तिसरा माणूस म्हणून ग्यानबा आपोआप उगवतो. त्याला बोलवावं लागत नाही. नळाच्या पाण्यावरून असो, लग्नातल्या आहेरावरून असो, का कुणाच्या कोंबडीनं कुणाच्या दारात घाण केली त्यावरून असो, आवाज चढला की खांद्यावरचा टावेल सारखा करत ग्यानबा येतो, दोघांच्या मधोमध उभा राहतो आणि म्हणतो, "हां, आता एकेकानं." भांडणाऱ्यांना त्याचा राग येतो. पण तोवर ते त्याला सांगायला लागलेले असतात, आणि सांगता सांगता आवाज खाली येतो. यात ग्यानबाचं कसब किती आणि त्याच्या तोंडाला येणाऱ्या तंबाखूच्या वासानं लोक बोलणं आवरतं घेतात हे किती, यावर गल्लीत अजून एकमत झालेलं नाही.

धंदा त्याचा मेंढरांच्या दलालीचा. आठवड्याच्या बाजारात विकणारा एकीकडं, घेणारा एकीकडं आणि मधे ग्यानबा. भाव तोंडानं बोलायचा नाही ही तिथली रीत. ग्यानबा विकणाऱ्याचा हात हातात घेतो, वरून टावेल टाकतो आणि आतल्या आत बोटं धरली जातात. इतकी बोटं म्हणजे इतका भाव. मग तोच टावेल घेऊन तो घेणाऱ्याकडं जातो. भोवती कितीही माणसं असोत, कुणाला काही कळत नाही. ज्यांचा सौदा चाललाय ते दोघं तर आपला हात आपला नाहीच अशा चेहऱ्यानं आभाळ बघत उभे असतात. ग्यानबाच्या मते जगातले सगळे तंटे असेच मिटवले पाहिजेत. तोंडानं आकडा बोलला की त्यावरून मागं सरकायला माणसाला लाज वाटते. बोट मात्र गुपचूप मिटता येतं.

दुसरी एक रीत आहे, आणि ती ग्यानबा जरा जास्तच पाळतो. ज्या सौद्यात दलाल मधे उभा राहिला, त्यातलं जनावर त्यानं स्वतः घ्यायचं नाही. अंकुशराव नावाच्या एका दलालानं एकदा मेव्हण्याच्या नावावर बोकड घेतला. त्यानंतर त्याच्या टावेलाखाली कुणी हात घालेना. आता तो त्याच बाजारात चहाचा गाडा लावतो, आणि ग्यानबा त्याच्याकडचा चहा पिताना दर वेळी त्याला ही गोष्ट सांगतो. तर या रीतीपायी झालं काय, की बाजारातलं एकूणएक चांगलं मेंढरू ग्यानबाच्या हातून गेलं आणि त्याच्या दारात एकही आलं नाही. त्याची बायको राजूबाई म्हणते, "धनगराच्या घरात दिली म्हणं मला. लोकर बगायची तर शेजारी जावं लागतंय."

राजूबाई ज्वारीच्या कडक भाकरी करते. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. बसस्टँडजवळची खानावळ तिच्याच भाकरी घेते. तेव्हा टोपली डोक्यावर घेऊन ती चालत जायची आणि चालत यायची, म्हणून धंदा परवडायचा. राहायला दोघं उद्धवरावांच्या पत्र्याच्या खोल्यांत, शेवटच्या खोलीत. पोरगी विजयश्री उमरग्याला दिलेली.

उद्धवराव म्हणजे गल्लीतलं मोठं प्रस्थ. खत-बियाण्यांचं दुकान, मागं दुमजली घर, गच्चीवर पाणी तापवायचं सोलर. गच्चीवरच ते पहाटे मोबाईल समोर ठेवून आसनं करतात. अंगात बनियन आणि एक अर्धी चड्डी, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. एका उन्हाळ्यात त्यांनी भाडेकरूंना सांगितलं, की दिवाळीनंतर खोल्या पाडायच्या आणि तिथं दुकानांची शटरं काढायची. आपापली सोय बघा.

सोय आपसूक चालून आल्यासारखी झाली. गल्लीच्या टोकाला जुना कोंडवाडा होता. पूर्वी मोकाट जनावरं तिथं कोंडायचे. पुढं जनावरं रस्त्यावर बसायला लागली आणि कोंडवाड्यात बाभळी उगवल्या. नगरसभेनं ठरवलं, की ह्या जागेवर बिनघरवाल्यांसाठी इमारत बांधायची. तळाला सहा घरं, वर तीन मजले, तिथंही एकेका मजल्यावर सहा. गल्लीत भाड्यानं राहणाऱ्या चोवीस कुटुंबांनी अर्ज केले, आणि घरं चोवीसच निघत होती. अर्ज बायकांच्या नावावर. राजूबाईनं फोटो काढून घेतला, आणि फोटो बघून ग्यानबा म्हणाला, की पोलीस ठाण्यात लावतात तसा आलाय. पण त्या रात्री दोघांनी ओटा कुठल्या भिंतीला हवा यावर बराच वेळ भांडण केलं, आणि मधे पडायला कुणी तिसरा नव्हता म्हणून ते मिटलं नाही.

मग पक्क्या घरवाल्यांची नगरसभेकडं हरकत गेली. सही पहिली उद्धवरावांची. इमारत उभी राहिली तर सोलरवर सावली पडेल, नळाला आधीच पाणी नाही ते आणखी जाईल, गल्लीत गाड्या लावायला जागा उरणार नाही. ही कारणं खरीच होती. कागदावर न लिहिलेलं कारण असं, की तिसऱ्या मजल्यावरून गच्चीवरची आसनं सरळ दिसली असती. गल्लीला ती सहा वर्षं तशीही माहीत होती, पण ते उद्धवरावांना कोण सांगणार.

नगरसभेचे इंजिनियर येऊन कन्नडात थोडक्यात सांगून गेले. गल्लीत एकमत होत असेल तर इथं बांधतो. होत नसेल तर जागा तयार आहे, बायपासच्या पलीकडं, दगडखाणीजवळ. पंधरा दिवसांत कळवा.

दगडखाणीजवळून बसस्टँडपर्यंत भाकरीची टोपली चालत नेता येत नाही. रिक्षानं नेली तर भाकरीत उरतं ते रिक्षावाल्याला जातं. हा हिशोब राजूबाईनं इंजिनियर बोलत असतानाच मनात केला आणि ती बाभळीखालच्या दगडावर बसली.

पहिली बैठक कोंडवाड्यातच झाली. एका बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पक्की घरं, दुसऱ्या बाजूला जमिनीवर पत्र्याची. मधे वार्डाचा मेंबर मल्लेश. मल्लेशला मतं दोन्हीकडून पडलेली, त्यामुळं तो दोन्हीकडं बघून सारखीच मान हलवत होता.

"माझ्या जित्तेपणी हितं एक मजलाबी चढू देनार न्हाई," उद्धवराव म्हणाले.

"मग आमी काय तुमच्या मरायची वाट बगायची का अण्णा," यल्लम्मा म्हणाली. यल्लम्मा दवाखान्यात झाडलोट करते, आणि भाडेकरूंच्या वतीनं तीच बोलते, कारण तिच्यापुढं दुसऱ्या कुणाला बोलायची संधी मिळत नाही. "तीनच्या तीन पायजेत. एक कमी न्हाई."

"कामून? कुनाच्या बापाची जागा हाय?"

"तुमच्याबी न्हाई की. तिकडं तुमचं खताचं शेड हाय ते कुनाच्या जागंत हाय, सांगू का सायबाला?"

शेड कोंडवाड्याच्या कडेच्या पट्टीत होतं. उद्धवरावांनी ते तात्पुरतं म्हणून घातलं होतं, आणि त्याला वीस वर्षं झाली होती. शेडचं नाव निघाल्यावर ते उठले. यल्लम्मा उठलेलीच होती. आवाज चढला, आणि नेहमीप्रमाणं बाभळीच्या बाजूनं टावेल सारखा करत ग्यानबा आला.

"हां, आता एकेकानं."

मल्लेशच्या जिवात जीव आला. "मामा," तो म्हणाला, "तुमीच मधी पडा. तुमच्यावाचून कुनाचं ऐकत न्हाईत हे लोक. दोन्हीकडं तुमचा शब्द चालतोय."

ग्यानबाला मामा म्हणणारे पुष्कळ. पण चारचौघांत, मेंबर, आणि तेही खुर्च्यांच्या देखत. त्यानं टावेल झटकला आणि म्हणाला, "मी मधी उभारतो. पुढच्या बैठकीला टावेलानं करू. तोंडानं हे मिटत नसतंय." दोन्हीकडून माना हलल्या. मल्लेशनं लगेच चहा मागवला, कुणाचा विचार बदलायच्या आत.

राजूबाई चहाला थांबली नाही. ग्यानबा घरी आला तेव्हा ती तव्यावरची भाकरी फडक्यानं दाबत होती.

"मधी उभारलाव," ती म्हणाली. "म्हंजी दलाल झालाव."

"मग? मेंबर सोता म्हणाला, की मामा तुमच्यावाचून..."

"म्हंजी त्यातलं जनावर तुमी घेनार न्हाई."

ग्यानबा हसला. "आगं, जनावर कुठाय त्याच्यात. घरं हायत."

राजूबाईनं भाकरी उलटली. ग्यानबाचं हसू अर्ध्यावर थांबलं, आणि तो भिंतीला टेकून बसला.

"अर्ज तुज्या नावानं हाय," तो म्हणाला. "माज्या न्हाई."

"आन् अंकुशरावनं बोकड कुनाच्या नावानं घेतलता?"

ही गोष्ट त्यानंच बायकोला शंभर वेळा ऐकवली होती. त्यानं टोपी काढली, आत बघितलं आणि पुन्हा घातली.

"घरं समद्यास्नी पुरली तर कुनाच्या वाट्याचं घेतलं असं हुत न्हाई," तो म्हणाला. "चोवीसला चोवीस. त्यात दलालबी बसतो. कमी पडली तरच..."

"म्हंजी वर तीन मजले झाले तर आपलं घर. दोनच झाले तर आपुन भाईर."

"तसं म्हण."

"आन् तुमी मधी पडून तीनाचं दोन करनार."

"अजून कुठं काय केलंय मी?"

"करनार. मला म्हाईत न्हाई व्हय. तुमाला दोघांचं जमवल्याबिगर भाकर गोड लागत न्हाई. मला घर पायजे, आत्ताच सांगून ठिवते. मग तुमी दलाल असा का कोनबी."

"मग जाऊन सांगतो मेंबरला, जमत न्हाई म्हणून."

"जावा की."

ग्यानबा उठला नाही. धरलेला सौदा मधेच सोडायची त्याला सवय नव्हती. शिवाय मेंबर मामा म्हणाला होता. हे दुसरं कारण त्यानं बोलून दाखवलं नाही. राजूबाईला ते आधीच कळलेलं होतं, आणि तिनं त्या दिवशी त्याच्या ताटात जळकी भाकरी वाढली.

दुसऱ्या बैठकीला गल्ली झाडून हजर होती. ज्यांचा ह्या घरांशी काही संबंध नाही तेही लेकरंबाळं घेऊन आले होते. इंजिनियरांनी आधी आकडे समजावून सांगितले. वर तीन मजले तर चोवीस घरं. वर दोन तर अठरा. पण कडेची पट्टी, म्हणजे जिथं कुणाचं तरी शेड आहे ती, मोकळी झाली तर इमारत रुंद करता येईल आणि तळासकट दर मजल्याला दोन घरं वाढतील, म्हणजे वर दोनच मजले घेऊनही चोवीस. त्यातली तळाची एक जागा पाण्याच्या मोटारीला आणि मीटरांना जाईल. राहिली तेवीस. कुणाचं तरी म्हणताना इंजिनियरांनी उद्धवरावांकडं बघितलं नाही, बाकी सगळ्यांनी बघितलं.

ग्यानबानं धुतलेला टावेल आणला होता. एक बोट म्हणजे एक मजला, तळाचा सोडून. पण सौदा सुरू व्हायच्या आधीच अडला. भाडेकरूंच्या बाजूनं हात यल्लम्माचा, आणि बाईचा हात टावेलाखाली धरायची रीत बाजारात नाही, कारण बायका सौद्याला येतच नाहीत. यल्लम्मानं हात पुढं केला तसा ग्यानबा दोन पावलं मागं सरला. यल्लम्माचा नवरा कोंडवाड्याच्या भिंतीला टेकून हे बघत होता.

"गडीमानूस द्या की कोनतरी," ग्यानबा म्हणाला.

"आमच्या गड्यांचं काय सांगावं अण्णा," यल्लम्मा म्हणाली. "एक कप च्या पाजला की सगळ्याला व्हय म्हनत्यात. अर्ज आमचे हायत, हात आमचाच पायजे." मग तिनं मागं वळून बघितलं. "राजूअक्काचा धरा. त्यो तर तुमचाच हाय."

बायका हसल्या. राजूबाई हसली नाही. ती पदर खोचून पुढं आली आणि जनावरांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी डोणीच्या काठावर बसली.

"हे चालनार न्हाई," उद्धवराव म्हणाले. "नवराबायकू हायत ते. घरातल्या घरात सौदा व्हायचा."

"मालक, तुमी तर त्यांच्या भिंतीला भिंत लावून ऱ्हाताव," यल्लम्मा म्हणाली. "ह्या दोघांचं कशावर जमलेलं कधी ऐकलाव का?"

उद्धवरावांनी क्षणभर आठवून बघितलं आणि हरकत मागं घेतली. त्या दिवशी त्यांनी मागं घेतलेली ही पहिली हरकत.

ग्यानबा आधी खुर्चीकडं गेला. टावेलाखाली उद्धवरावांची मूठ होती, गच्च मिटलेली. एकही मजला नाही. मग तो डोणीकडं आला, टावेल टाकला आणि राजूबाईचा हात हातात घेतला. लोकांसमोर हा हात त्यानं धरला होता तो लग्नात, आणि तेव्हा तो भटजींनी धरायला लावला होता म्हणून. आता तो तव्याच्या चटक्यांनी कडक झाला होता आणि बोटांच्या पेरांत ज्वारीचं पीठ होतं. तीन बोटं ताठ. वरून राजूबाई यल्लम्माला विचारत होती, की तुझ्या पोरीच्या परीक्षेचं काय झालं.

ग्यानबा पुन्हा खुर्चीकडं गेला आणि वाकून हळू आवाजात म्हणाला, "मालक, मूठ अशीच ऱ्हायली तर घरं दगडखानीकडं जात्यात. तिकडं आमच्यातलं कोन जाईल वाटतंय तुमाला? समदे तुमच्याच पत्र्याखाली बसून ऱ्हातील. खोल्या पाडनार कशा? माणसासकट?"

मुठीतून एक बोट निघालं.

"एकानं काय हुतंय मालक. बोटाला सोबत द्या की कोनतरी."

उद्धवराव बाभळीकडं बघत होते. "माझ्या बाजूच्या भिंतीला खिडकी नसावी," ते ओठ न हलवता म्हणाले. "एकबी नसावी."

"नसंल. वरचा झरोका निस्ता, उजेडापुरता. मानसाचं डोस्कं पोचायचं न्हाई तिथवर."

दुसरं बोट निघालं. ग्यानबानं ते धरून ठेवलं. बाजारात बोटं जुळता जुळत नसली की विकणारा वरून काहीतरी घालतो, दावं म्हणा, घुंगरू म्हणा, आणि सौदा बसतो. "आता वर काय घालनार मालक," ग्यानबा म्हणाला. "दोनावर दावं तर द्यावं लागंल. ती कडंची पट्टी द्या."

"शेड?"

"तात्पुरतंच घातलंवतं न्हवं."

उद्धवरावांचा चेहरा लाल झाला. पण टावेलाखालचा हात सुटला नाही, आणि बोटंही मिटली नाहीत. बराच वेळ गेल्यावर त्यांनी डोळ्यानं हो म्हटलं. चारचौघांत हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नसते, आणि निघाले असते तर दुकानातल्या नोकरानंसुद्धा त्यांना आठवडाभर ऐकवलं असतं.

ग्यानबा डोणीकडं आला. आत तीन बोटं तशीच होती. त्यानं अंगठा तिसऱ्या बोटावर ठेवला.

"वर दोन," तो पुटपुटला. "पट्टी सोडायलाय."

"म्हंजी तेवीस," राजूबाई म्हणाली.

ग्यानबानं बोटावर अंगठा दाबला, बाजारात दाबतात तसा, हळूच. बोट हललं नाही. खुर्चीवर उद्धवराव मोबाईल काढून बंद पडद्याकडं बघत होते. राजूबाई आता यल्लम्माला काही विचारत नव्हती. ती समोर बघत होती, तिथं चुन्याच्या रेघेनं इमारतीचा कोपरा आखलेला होता.

ग्यानबाला आजवर कधी असं झालं नव्हतं. दोन्हीकडची बोटं जवळ आली की त्याचा अंगठा आपोआप दाबायला लागतो; तो धंदाच होता. आज अंगठा जागच्या जागी सैल पडला. त्याच्या मनात आलं, की सरळ खुर्चीकडं जावं, जमलं न्हाई म्हणावं, टावेल खांद्यावर टाकावा आणि घरी जावं. मग जाऊ दे सगळं दगडखाणीकडं. निदान ह्या बाईचं घर आपल्या अंगठ्याखाली गेलं असं तरी होणार नाही. त्यानं बोटावरचा अंगठा उचलला.

राजूबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग तिनं मागं बघितलं. यल्लम्माच्या दोन्ही पोरी भिंतीवर बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागं पत्र्याची सगळी बिऱ्हाडं उभी होती.

टावेलाखाली तिसरं बोट मिटलं. ते ग्यानबानं मिटवलेलं नव्हतं.

"वर दोन," ग्यानबानं सांगितलं. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा निघाला नाही, त्यामुळं मल्लेशनं ते पुन्हा मोठ्यानं सांगितलं. उद्धवरावांच्या बाजूला खिडक्या नाहीत, पट्टी मोकळी. इंजिनियरांनी मान हलवली आणि चहा कुठं आहे असं विचारलं. थोडा वेळ सगळे एकदमच बोलले. मग यल्लम्मा म्हणाली, "तेवीस घरं, आन् आमी चोवीस," आणि बोलणं बंद झालं.

"आमचं काढा," ग्यानबा म्हणाला. "मी दलाल हाय ह्यात."

एकदोघांनी राजूबाईकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. ग्यानबा टावेल उचलायला गेला.

"ऱ्हाऊ द्या," राजूबाई म्हणाली. "टावेल काढू नगा. दलाली ऱ्हायलीय."

"कसली दलाली?" उद्धवरावांनी विचारलं.

"सौदा झाल्यावर दलाली द्याची रीत हाय न्हवं मालक. ह्यांनी जनावर घेतलं न्हाई. दलाली सोडतो असं कुठं म्हणालेत?"

ग्यानबा खरं तर तेच म्हणायच्या बेतात होता. पण टावेलाखाली त्याच्या करंगळीला चांगलाच चिमटा बसला, आणि तो गप्प राहिला.

"काय पायजे?" उद्धवराव म्हणाले.

"तुमी शटरं काढनार हाव. त्यातलं शेवटचं. म्होरं भाकरीचं दुकान, मागं आमी. भाडं आत्ता हाय तेवढंच, आमी दोघं हाव तवर."

"शटरचं भाडं येगळं असतंय राजूबाई. खोलीचं येगळं."

"म्हणूनच तर दलाली म्हणायले."

कुणीतरी हसलं. उद्धवरावांनी मल्लेशकडं बघितलं. मल्लेशनं पहिल्यांदाच एका बाजूला मान हलवली. "उरकून टाका मालक," तो म्हणाला. "सोलरला ऊन मिळालं तुमच्या."

उद्धवरावांनी हात वर करून बोट दाखवलं, म्हणजे बरं, एक शटर.

"बोटानं नगं," राजूबाई म्हणाली. "तोंडानं म्हणा. समदे ऐकायलेत."

"दिलं," उद्धवराव म्हणाले. "पर भाकरीचा धूर माझ्या दुकानात आला न्हाई पायजे."

"तुमच्या खताचा वास माज्या भाकरीला लागला न्हाई म्हंजी झालं."

इमारत उभी राहायला पुढं दोन वर्षं लागली, आणि तोवर खोल्या पाडायचं उद्धवरावांना लांबवावं लागलं. तेवीस बिऱ्हाडं राहायला गेली. राजूबाई प्रत्येकीच्या वास्तुशांतीला गेली, प्रत्येकीचा ओटा बघून आली आणि कुणाचा उंच, कुणाचा अंधारात, असं काहीतरी काढून आली. शटरच्या मागच्या खोलीला खिडकी आहे, पण घर भाड्याचंच. आपलं घर झालं असतं ते झालं नाही, हे ती ग्यानबाला अजून ऐकवते, विशेषतः तो बाहेर कुणाचं भांडण मिटवून आल्यावर. ग्यानबा ऐकून घेतो. खानावळीचं गिऱ्हाईक शटरवर यायला लागलंय आणि टोपली डोक्यावर न्यावी लागत नाही, हे तो मधे एकदा बोलून बघतो. ते तिला पटत नाही, म्हणजे पटलेलं दाखवत नाही.

पण त्या दिवशी हे सगळं अजून पुढं होतं. लोक चहाच्या किटलीकडं गेले होते. यल्लम्मा पुन्हा पुन्हा तेवीस नावं मोजत होती आणि दर वेळी एक नाव गाळताना अडखळत होती. उद्धवराव शेडमधली पोती कुठं हलवायची ते नोकराला सांगत होते. डोणीच्या काठावर राजूबाई बसलेली, समोर ग्यानबा उभा, आणि मधे तो टावेल तसाच.

"लोक बगायलेत," राजूबाई म्हणाली. "सोडा आता हात."

"टावेल हाय की वर," ग्यानबा म्हणाला.